उच्चार म्हणजे वाचन नव्हे

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संस्कारित मजकूर)



मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवात इंग्रजीच्या शिक्षकाला व्याख्यानासाठी बोलवावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कार्यवाहांनी निमंत्रण दिले तेव्हा मलाही ते वाटले. परंतु विचार करता ध्यानात आले की, वाचन म्हणजे काय आणि लेखन म्हणजे काय, या दोन प्रश्नांशी ग्रंथालयाचा जेवढा संबंध, तेवढाच भाषाशिक्षकाचाही आहे. आपण पुस्तके सांभाळता, आम्ही पुस्तकांसाठी वाचक घडवतो, निदान तसा आमचा दावा असतो. हा दावा कितपत खरा, वाचक खरोखर घडतो तरी कसा, याविषयी चौतीस वर्षांच्या अध्यापनात जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजचा हेतू आहे.

मी वडोदऱ्यातील माध्यमिक शाळांत आठवी ते दहावीच्या वर्गांना इंग्रजी शिकवले. आरंभीची काही वर्षे मराठी माध्यमाचे वर्ग होते. ते हळूहळू ओसरत गेले आणि पुढे गुजराती माध्यमाचेच वर्ग वाट्याला आले. माझ्यापुढच्या मुलाची स्थिती अशी असे : घरी आजीशी मराठी, गल्लीत आणि शाळेत गुजराती, चित्रपटगृहात हिंदी, आणि परीक्षेत इंग्रजी. चार भाषा कानांवर पडणारे हे मूल भाग्यवान म्हणावे की गोंधळलेले, असा प्रश्न मला पालक नेहमी विचारीत. माझे उत्तर ठरलेले असे. चार भाषा कानांवर पडणे हे भाग्यच आहे, पण त्यांपैकी एकीत तरी मूल मनापासून वाचत असले पाहिजे. एकीतही वाचत नसेल, तर चौघींत मिळून ते निरक्षरच राहते. आजच्या माझ्या बोलण्याचे सूत्र हेच आहे.

या शहराला हे सूत्र नवे नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानात लागू केले, हा इतिहास आपण जाणता. परंतु महाराज तेथे थांबले नाहीत. शाळेत अक्षरे शिकलेले मूल पुढे पुस्तकाचे तोंड पाहणार नसेल, तर ती अक्षरे चार वर्षांत पुसली जातात, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये विल्यम ॲलन्सन बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण करून त्यांनी संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे उभे करण्यास आरंभ केला. मुलांसाठी वेगळे दालन, स्त्रियांसाठी वेगळी सोय, आणि ज्या गावी ग्रंथालय नाही तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके धाडणारी फिरती ग्रंथालये, अशी ती योजना होती. साक्षरता आणि वाचन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीनंतर दुसरी आपोआप येत नाही, हे त्या योजनेमागचे तत्त्व होते. शंभर वर्षांनंतरही आमच्या शाळांना ते पुरते उमगलेले नाही, असे मी म्हटले तर माझ्या व्यवसायबंधूंनी राग मानू नये.

कारण शाळेत ज्याला आपण वाचन म्हणतो, ते बहुतेक वेळा उच्चारण असते. इंग्रजीच्या तासाला एक मूल उभे राहते, धडा मोठ्याने म्हणते, शिक्षक मधून मधून उच्चार सुधारतात, पाच-सात ओळी झाल्या की दुसरे मूल उभे राहते. तास संपतो. धडा 'वाचून झाला' अशी नोंद होते. त्या क्षणी पुस्तक मिटायला सांगून, 'आता वाचलेस ते सांग, कोणत्याही भाषेत सांग,' असे म्हटले, तर काय घडते ते शिक्षकांनी करून पाहावे. घडघड म्हणणारी मुले स्तब्ध होतात. त्यांनी डोळ्यांनी अक्षर पाहिलेले असते आणि तोंडाने नाद काढलेला असतो, पण डोळा आणि जीभ यांच्या मधल्या वाटेवर मन भेटलेलेच नसते.

याचे एक कारण आपल्या लिपीतच दडलेले आहे. देवनागरी असो की गुजराती, आपली लिपी उच्चाराशी प्रामाणिक आहे. अक्षरे आणि मात्रा कळल्या की न समजलेला मजकूरही अस्खलित म्हणता येतो. ही लिपीची थोरवी खरी, पण तिच्यामुळे 'म्हणता आले म्हणजे वाचता आले' असा भ्रम मुलाच्या आणि पालकांच्या मनात लवकर रुजतो. तोच भ्रम घेऊन मूल इंग्रजीकडे येते आणि तेथे ठेच खाते. ओ, यू, जी, एच या चार अक्षरांचा उच्चार 'कफ'मध्ये एक, 'दो'मध्ये दुसरा, 'थ्रू'मध्ये तिसरा. मुलाला वाटते, अडचण उच्चाराची आहे. मग ते इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने गुजरातीत उच्चार लिहून ठेवते आणि तेवढेच म्हणते. अडचण अर्थाची आहे, हे त्याला कोणी सांगतच नाही.

दुसरे कारण वाक्यरचनेचे आहे. मराठीत आणि गुजरातीत क्रियापद बहुधा शेवटी येते. आपण सारे तपशील हाती धरून शेवटच्या शब्दाची वाट पाहतो. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येते आणि तपशील मागून येत राहतात. शब्दाला शब्द जोडून अर्थ लावणारे मूल इंग्रजी वाक्याच्या शेवटी क्रिया शोधत बसते, तेव्हा ती कधीच मागे पडलेली असते. हा भेद फळ्यावर दोन वाक्ये शेजारी लिहून दाखवला, की पंधरा मिनिटांत वर्गाचे डोळे उघडतात. व्याकरणाचे मोठे पुस्तक जे वर्षभरात करीत नाही, ते मातृभाषेशी घातलेली अशी एक तुलना करते. इंग्रजीच्या तासाला मातृभाषेला दाराबाहेर उभे करावे, असे मानणारा एक पंथ आमच्या व्यवसायात प्रबळ होता आणि आजही आहे. माझा अनुभव उलट आहे. माझ्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवली. तिच्यातील वाक्ये कोरडी असत आणि तिच्यावर हसणे सोपे आहे, परंतु एका भाषेतला अर्थ दुसरीत नेताना दोन्ही भाषांकडे निरखून पाहावे लागते, ही सवय तिने लावली, हे विसरता येत नाही.

वाचनाला शिक्षणात अग्रस्थान द्यावे, हा विचार भारतातच एका इंग्रजाने निकराने मांडला होता. मायकेल वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतील अधिकारी ढाक्याला अध्यापक-प्रशिक्षणाचे काम करीत. बंगालमधील द्वैभाषिकतेवरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेत दाखल होणाऱ्या मुलांपैकी पुष्कळ मुले शेवटपर्यंत टिकत नाहीत, हे त्यांनी पाहिले होते. विम्याचा हप्ता मध्येच थांबवला तर हाती जी रक्कम येते, तिला विमेवाले 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणतात. वेस्ट यांनी हा शब्द शिक्षणाला लावला. मुलाने ज्या इयत्तेत शाळा सोडली, त्या इयत्तेपर्यंतच्या इंग्रजीतून त्याच्या हाती काय आले? व्याकरणाचे नियम अर्धे, संभाषण अर्धे, निबंध अर्धा, म्हणजे हाती शून्य. पण सोप्या शब्दांतली पुस्तके वाचण्याची शक्ती जेवढी आली तेवढी कायमची त्याची. म्हणून त्यांनी मोजक्या शब्दसंख्येत लिहिलेली, पायरीपायरीने चढत जाणारी वाचनपुस्तके तयार केली. सुमारे दोन हजार नित्योपयोगी शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. भाषाशिक्षणाच्या पद्धती त्यानंतर अनेकदा बदलल्या, पण 'या मुलाने उद्या शाळा सोडली तर त्याच्या हाती काय उरेल' हा प्रश्न मी प्रत्येक जून महिन्यात स्वतःला विचारीत आलो. आमच्या वर्गातील काही मुले दहावीनंतर दुकानात, कारखान्यात किंवा वडिलांच्या धंद्यात जात. त्यांच्यासाठी तो पुस्तकी प्रश्न नव्हता.

आता प्रत्यक्ष वर्गात काय केले ते सांगतो. त्यात अपूर्व असे काही नाही, कोणत्याही शिक्षकाला करता येईल असेच आहे.

पहिली गोष्ट, मूकवाचन. आठवड्यातील एका तासाची पहिली पंधरा मिनिटे वर्गात कोणी बोलायचे नाही, शिक्षकानेही नाही. एका पत्र्याच्या पेटीत सोपी इंग्रजी पुस्तके, जुनी मासिके, चित्रकथा ठेवलेल्या असत. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, आवडले नाही तर परत ठेवावे. अडलेल्या शब्दाला थांबायचे नाही. गोष्ट पुढे सरकते आहे तोवर वाचत राहायचे, आणि एखादा शब्द तिसऱ्यांदा आडवा आला तरच कोश उघडायचा. परीक्षा नाही, प्रश्न नाहीत. आरंभी मुलांना हे पटत नसे. प्रश्न विचारले जाणार नाहीत तर वाचायचे कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल असे. या सवालात आपल्या शिक्षणपद्धतीचे सारे दुखणे आले. चार-पाच आठवडे गेले की पेटीभोवती गर्दी होऊ लागे, आणि एखादे पुस्तक कोणी घरी नेले यावरून तक्रारी माझ्याकडे येऊ लागत. त्या तक्रारींनी मला जेवढे समाधान दिले तेवढे निकालाच्या टक्केवारीने दिले नाही.

दुसरी गोष्ट, हेतू असलेले वाचन. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातील शाळांत एक प्रयोग केला, तो बंगळूर प्रकल्प या नावाने जगभर अभ्यासला गेला. मुलांना भाषा न शिकवता भाषेतून सोडवायची कोडी द्यावीत, रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, हिशेब अशी कामे द्यावीत, आणि लक्ष अर्थावर असताना भाषा मागोमाग येते हे पाहावे, असा तो विचार होता. त्याविषयी वाचल्यावर मी वडोदरा स्थानकावरील गाड्यांचे इंग्रजी वेळापत्रक वर्गात आणले. सकाळी दहाच्या आत सुरतेला पोचायचे आहे, बरोबर म्हातारी आई आहे, गाडी बदलायची नाही, तर कोणती गाडी धरावी? साठ मुलांचा वर्ग त्या कागदांवर असा तुटून पडला की, मला काही शिकवावेच लागले नाही. 'अरायव्हल' आणि 'डिपार्चर' यांतला भेद जन्मभरासाठी पक्का झाला. मुख्य म्हणजे, छापील इंग्रजी मजकूर आपल्याशी काही बोलतो आणि त्याचे उत्तर आपल्याला देता येते, हा विश्वास आला.

तिसरी गोष्ट, जोडवाचन. एकच कृती दोन भाषांत शेजारी ठेवून वाचायची. यासाठी माझे आवडते पुस्तक हेमिंग्वे यांचे 'दि ओल्ड मॅन अँड द सी'. मूळ पुस्तक १९५२ चे, आणि त्याचा पु. ल. देशपांडे यांनी केलेला 'एका कोळियाने' हा अनुवाद १९६५ चा. हेमिंग्वे यांची वाक्ये आखूड, शब्द साधे. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा कोळी, त्याच्यावर जीव लावणारा पोरगा, अथांग समुद्र. मराठी घरांतल्या नववी-दहावीच्या मुलांचा एक छोटा गट शनिवारी शाळा सुटल्यावर बसे. आधी इंग्रजीतले एक पान, मग मराठीतले. पहिल्याच दिवशी शीर्षकावर वाद झाला. मूळ नावात म्हातारा आहे, समुद्र आहे. मराठी नावात दोन्ही नाहीत. मग हा अनुवाद कसा? एका मुलीने घरी आजीला विचारले. दुसऱ्या शनिवारी ती सांगू लागली की, कोळी म्हणजे मासेमार आणि कोळी म्हणजे जाळे विणणारा किडाही. आजीला शाळेतली जुनी कविता आठवली, तिच्यातला कोळी पुन्हा पुन्हा पडतो आणि पुन्हा पुन्हा जाळे विणतो. म्हणजे हरूनही न हरणारा म्हातारा त्या एका शब्दात आलेला आहे! इंग्रजी शिकवता शिकवता मराठीतील एका शब्दाची श्रीमंती त्या मुलीच्या हाती लागली, आणि तीही आजीच्या तोंडून. भाषांचे परस्परांशी वैर नसते, वैर असते ते आळसाशी, हे मला अशा प्रसंगांनी शिकवले. ती दोन्ही पुस्तके आपल्याच वाचनालयाच्या कपाटातून घेतलेली होती, हेही येथे कृतज्ञतेने नमूद करतो.

आता लेखनाकडे वळतो. वाचनाच्या जागी जसे उच्चारण बसले, तसे लेखनाच्या जागी उतरवणे बसले आहे. 'पावसाळ्यातील एक दिवस', 'मी पाहिलेला अपघात', 'माझा आवडता सण' हे निबंध गाइडात तयार असतात. मुले ते पाठ करतात, परीक्षेत उतरवतात, आम्ही त्यांना गुण देतो. एकाच वर्गातल्या चाळीस मुलांनी तोच अपघात, त्याच चौकात, त्याच ट्रकखाली पाहिलेला असतो. रजेचा अर्ज लिहायचा झाला तर प्रत्येक मूल तापानेच आजारी पडते, कारण गाइडातल्या नमुन्यात ताप आहे. ही खोड जुनी आहे. श्री अरविंद १८९३ ते १९०६ या काळात बडोदा संस्थानच्या सेवेत होते आणि येथील महाविद्यालयात त्यांनी फ्रेंच व इंग्रजी शिकवले. येथील विद्यार्थी प्राध्यापकाच्या तोंडचा शब्दन् शब्द टिपून घेऊन पाठ करतात, इंग्लंडात असे कधी पाहिले नव्हते, अशा अर्थाचे नवल त्यांनी पुढे बोलून दाखवले होते. तेव्हा वहीत टिपण असे, पुढे छापील गाइड आले. आणि आता २०२२ च्या अखेरीपासून हवा तो निबंध क्षणात लिहून देणारी यंत्रे हाती आली आहेत. पुष्कळांना वाटते, लेखनशिक्षणावर हे नवेच संकट कोसळले. मला ते तसे वाटत नाही. दुसऱ्याने लिहिलेले आपले म्हणून देण्याची सवय आपण शाळेतच, गुण देऊन लावली होती. यंत्राने तिला फक्त वेग दिला.

यावर उपाय एकच सापडला. मुलाला अशा विषयावर लिहायला सांगावे, ज्याची माहिती त्याच्यावाचून दुसऱ्या कोणापाशी नाही, आणि ते वाचणारे माणूस खरे असावे. नववीतील एक मुलगा इंग्रजीत दोन वाक्ये धड लिहीत नसे. त्याच्या घरी उत्तरायणाच्या आधी पतंगाची दोरी रंगवण्याचे काम चाले. मी त्याला म्हटले, मला पतंग उडवता येतो पण दोरी कशी तयार होते ते माहीत नाही, तेवढे लिहून दे. त्याने आठ वाक्ये लिहून आणली. दोन खांबांमध्ये दोरा कसा ताणतात, भाताची खळ, रंग आणि काचेची पूड कशी कालवतात, वडील बोटांना चिंध्या कशा बांधतात आणि तरी संध्याकाळी बोटे कशी चिरलेली असतात. आठांपैकी सहा वाक्यांत व्याकरणाच्या चुका होत्या. पण 'खळ' या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावे, यासाठी तो आपण होऊन कोश घेऊन माझ्यापुढे आला होता. लिहिणाऱ्याला शब्दाची तहान लागली, तेथे लेखनशिक्षण सुरू झाले असे मी मानतो. ती आठ वाक्ये वर्गात वाचून दाखवली. पतंग सारेच उडवीत, पण त्या चिंध्यांचा विचार कोणी केला नव्हता. वर्ग गप्प झाला. आपण लिहिल्याने साठ माणसे गप्प होतात, हा अनुभव त्या मुलाला कोणत्या गाइडाने दिला असता?

चुकांविषयी थोडे सांगितले पाहिजे. मराठी मूल लिहिते, 'फीवर हॅज कम टू मी.' शिक्षक लाल रेघ ओढतात. पण हे वाक्य अविचाराचे नाही. मराठीत ताप येतो, भूक लागते, झोप लागते, आठवण होते. यांतली क्रिया माणूस करीत नाही, ती त्याच्याकडे चालून येते आणि माणूस 'मला' होऊन उभा राहतो. इंग्रजीत तोच माणूस 'आय' होऊन पुढे येतो, आणि ताप जणू त्याच्या मालकीचा होतो. मूल आपल्या भाषेच्या तर्काने बरोबर चालले होते, त्याला फक्त दुसऱ्या भाषेचा तर्क सांगायचा होता. तो सांगितला की चूक सुधारते, आणि मराठीकडेही नव्याने पाहणे होते. चुकीकडे मुलाच्या विचाराची खूण म्हणून पाहिले, तर शिक्षकाचा लाल रंग पुष्कळसा वाचतो.

अर्थात या साऱ्याला वेळ लागतो, आणि त्याचा हिशेब मांडल्याशिवाय उपदेश करणे बरे नव्हे. साठ मुलांचे चार वर्ग म्हणजे दोनशे चाळीस वह्या. एका वहीला तीन मिनिटे धरली तरी एका लेखनाच्या तपासणीला बारा तास होतात. कोणत्याही शिक्षकाला हे दर आठवड्याला शक्य नाही. म्हणून मी ठरवले होते की, प्रत्येक वहीत फार तर दोन चुका दाखवायच्या, आणि मजकुराला उत्तर म्हणून एक ओळ लिहायची. 'तुझ्या आजोबांनी मग ती गाय विकली का?' एवढेच. मुले आपल्या वहीत आधी ती ओळ शोधत. बाकीच्या चुका एकमेकांच्या वह्या वाचून मुलेच शोधीत, आणि दुसऱ्याची चूक शोधण्यातला उत्साह आपण सारे जाणतोच!

आता आपल्या समाजापुढचा प्रश्न. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये इंग्रजीला 'ग्रंथालयाची भाषा' म्हटले. ज्ञान मातृभाषेतून आत्मसात करावे आणि अधिक ज्ञानासाठी इंग्रजी ग्रंथांपर्यंत पोचावे, असा त्यामागचा आशय होता. मला ही कल्पना आजही मोलाची वाटते. परंतु घडले काय? आपण इंग्रजीला ग्रंथालयाची भाषा न करता दिवाणखान्याची भाषा केली. आपल्याच घरांतली तिसरी-चौथी पिढी आज इंग्रजी माध्यमात जाते. त्याला माझा विरोध नाही, तो पालकांचा अधिकार आहे. पण त्या मुलांपैकी पुष्कळांना मराठी बोलता येते आणि वाचता येत नाही, गुजराती वाचता येते पण ती परीक्षेपुरती, आणि इंग्रजी अस्खलित म्हणता येते पण पुस्तक हाती धरवत नाही. उच्चार उत्तम, वाचन नाही. खेड्यांतल्या मुलांची स्थिती वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचते. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' या नावाने ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी होते. तिच्या २०२२ च्या अहवालानुसार पाचवीतील निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे शाळा आहे, पुस्तके आहेत, आणि वाचक घडत नाही. सयाजीराव महाराजांना पडलेला प्रश्न पुन्हा दारात उभा आहे.

शताब्दीच्या निमित्ताने वाचनालयाला काही करता येईल का? मी तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, आठवड्यातून एक संध्याकाळ मुलांच्या दालनात भाषेची अट काढून टाकावी. मराठी, गुजराती, इंग्रजी, जे आवडेल ते मुलाने वाचावे, आणि शेवटची दहा मिनिटे वाचलेले दुसऱ्याला सांगावे, तेवढे मात्र मराठीत सांगावे. जे मूल मराठी वाचत नाही ते मराठीत सांगू लागले, की वाचण्याची इच्छा फार दूर राहत नाही. दुसरी, जोडपुस्तकांचे एक कपाट करावे. मूळ आणि अनुवाद शेजारी. हेमिंग्वे आणि पु. ल. एकत्र आहेतच, ज्यूल व्हर्नच्या कथा आणि भा. रा. भागवतांची मराठी रूपांतरे मुलांसाठी त्यांच्या शेजारी ठेवता येतील. तिसरी, मुलांचे एक हस्तलिखित काढावे. साने गुरुजी अंमळनेरच्या शाळेत शिक्षक असताना वसतिगृहातील मुलांसाठी 'छात्रालय' हे हस्तलिखित दैनिक चालवीत. आज छपाई स्वस्त आहे, संगणक घरोघरी आहेत, तरी हाताने लिहिलेले एकच पान भिंतीवर लागले आणि त्याच्यापुढे माणसे थांबून वाचू लागली, तर लिहिणाऱ्या मुलाला जे मिळते ते पडद्यावर मिळत नाही. त्यात मराठीबरोबर गुजराती आणि इंग्रजी मजकुरालाही जागा असावी. आजीने सांगितलेली एक पाककृती, वडिलांच्या दुकानातला एक दिवस, आपल्या गल्लीतल्या जुन्या वाड्याची हकीकत, असे विषय द्यावेत. गाइडात ते सापडणार नाहीत, आणि यंत्रालाही आपल्या गल्लीतला वाडा माहीत नाही.

या तीन गोष्टींना पैसा फारसा लागत नाही. माणसे लागतात. येथे बसलेल्या सभासदांत निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतले अधिकारी आहेत, अभियंते आहेत, आणि घर सांभाळून वाचनाचा नाद जपलेल्या भगिनी आहेत. यांपैकी दहा जणांनी आठवड्याचा एक तास दिला आणि मुलाने सांगितलेली गोष्ट शांतपणे ऐकून घेतली, तरी काम सुरू होईल. शिकवण्याची आवश्यकता नाही, ऐकण्याची आहे. मुलाला वाचलेले सांगण्यासाठी कोणी हवे असते आणि लिहिलेले वाचण्यासाठी कोणी हवे असते. शाळेतल्या साठांच्या गर्दीत ते माणूस त्याला भेटत नाही. वाचनालयात भेटावे.

वाचनालयाच्या दुसऱ्या शतकाचे सभासद आज सहा-सात वर्षांचे आहेत. त्यांच्या नावाची वर्गणी आपण आजच, आपल्या वेळाच्या रूपाने भरावी, एवढी प्रार्थना करतो.